दग्याची नोंद

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी जम्मू-श्रीनगर महामार्गावर, पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोरा गावाजवळ, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यातल्या बसवर स्फोटकांनी भरलेली मोटार येऊन आदळली. ताफा ७८ वाहनांचा होता आणि त्यात अडीच हजारांवर जवान होते. बर्फामुळे महामार्ग काही दिवस बंद राहिला होता, त्यामुळे एरवीपेक्षा जास्त माणसे एकदम निघाली होती. बहुतेक जण सुट्टी संपवून कामावर परतत होते. ४० जवान मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातले दोघे होते आणि दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. १६ फेब्रुवारीला जिल्ह्याच्या दोन टोकांना, एकाच दिवशी, दोघांवर अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर अडीच महिनेही उलटले नव्हते. १ मे, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाने शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या खासगी वाहनाचा चालक यांचा बळी घेतला. त्या १५ जणांतही दोघे बुलढाण्याचे होते, एक देऊळगाव राजा तालुक्यातले आणि एक मेहकरचे. डोंगराळ काश्मीरपासून आणि गडचिरोलीच्या जंगलापासून शेकडो कोस दूर असलेल्या एका शेतकरी जिल्ह्याने अडीच महिन्यांत चार माणसे गमावली, तीही दोन वेगळ्या शत्रूंच्या हातून आणि एकाच रीतीने. चौघेही चालत्या गाडीत बसलेले होते, आणि समोर कोणी नसताना मारले गेले.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपण उभारतो त्या स्मारकांतून नेमकी तीच गळते. दहशतवादी हल्ल्यात गेलेल्या माणसाचे स्मारक करायचे म्हटले की आपल्या हाताला एकच साचा लागतो, रणात पडलेल्या योद्ध्याचा. गणवेशातला पुतळा, हातात बंदूक, खाली ‘वीर’ आणि एक घोषणा. कुठे, केव्हा, कशाने मृत्यू आला, हे बहुधा लहान अक्षरांत असते किंवा नसतेच. माझे म्हणणे असे आहे की अशा स्मारकाने सर्वांत आधी दगा दगा म्हणून नोंदवला पाहिजे. हे म्हणणे परक्या मुलखातून उसने आणण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातले सर्वांत मोठे जुने स्मारक दग्याने मारलेल्या माणसांचेच आहे.

सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांची समाधी आहे. जिजाऊंचे माहेर म्हणून गावाची ओळख इतकी मोठी की समाधीकडे पाहुण्यांचे लक्ष दुसऱ्यांदा जाते. पण एकदा गेले की तिच्या आकारमानाने माणूस थबकतो. लखुजीराव निजामशाहीतले बलाढ्य सरदार होते. काही काळ मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत, निजामशहाच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेले असताना, त्यांना ठार करण्यात आले. सोबत अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातू. एका घराच्या तीन पिढ्या एका दिवशी कापल्या गेल्या. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. लखुजीरावांनी आयुष्यात लढाया कितीतरी केल्या, पण सिंदखेडला दगडात जो प्रसंग उभा आहे तो लढाईचा नाही. ज्यांच्या दरबारात जायचे त्यांनीच विश्वासघात केला, हे या समाधीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे आणि त्यामुळे लखुजीरावांचा मान तसूभरही कमी झालेला नाही. २०२४मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक याच समाधीच्या जतनाचे काम करीत असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली आणि सिंदखेड राजा देशभरच्या बातम्यांत आले. मूर्तीचे कौतुक रास्तच. पण ज्या वास्तूच्या डागडुजीमुळे ती सापडली, तिच्याबद्दल त्या दिवसांत फारसे कोणी बोलले नाही याची रुखरुख वाटते.

यावर कोणी म्हणेल, समाधी एका श्रीमंत देशमुख घराण्याची. सामान्य शिपायाला असा चिरा कोण बसवतो? आक्षेप खरा आहे. म्हणून याच मुलखातल्या दुसऱ्या प्रकारच्या आठवणीशी तिची तुलना करून पाहू. सिंदखेड राजा तालुक्यातच साखरखेर्डा आहे. तिथे १७२४मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला, आणि दख्खनमधली आसफजाही सत्ता खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. लढाई लहानसहान नव्हती. तिच्यावर पुढची दोन शतके हैदराबाद उभे राहिले. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नावच बदलले, फतेहखेर्डा केले. आज ते नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडते, एस.टी.च्या पाटीवर साखरखेर्डाच असते. मोताळा तालुक्यातल्या रोहणखेडला १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया झाल्या आणि त्या तर गॅझेटियरपुरत्याच उरल्या. या जिल्ह्यात विजय सांगणाऱ्यांपाशी सत्ता होती, शाई होती, गावाचे नाव बदलण्याची ताकद होती. तरी लोकांनी जपली ती मारल्या गेलेल्यांची आठवण. घराण्याची श्रीमंती समाधी बांधून देऊ शकते, पण चारशे वर्षे ती कथा सांगत राहायला गाव लागते.

सामान्य माणसाच्या स्मारकाची आपली जुनी रीत म्हणजे वीरगळ. दख्खनभर मंदिरांच्या आवारात, वेशीजवळ, बांधांवर या शिळा उभ्या आहेत. खालच्या चौकटीत माणूस पडलेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. माझ्या मताविरुद्ध सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे, हे मान्य करतो. वीरगळ म्हणते की पडला तो लढता लढता पडला, म्हणून त्याला स्वर्ग मिळाला. मग आजचा गणवेशधारी पुतळा हा त्याच परंपरेचा वारस नव्हे काय? पण वीरगळीची सर्वांत खालची चौकट नीट पाहावी. ती स्वर्गाविषयी बोलत नाही, मृत्यू कसा आला ते दाखवते. गुरे पळवणाऱ्यांशी झुंजला असेल तर तिथे गुरे कोरलेली असतात. पाण्यावर लढला असेल तर नावा असतात. मुंबईतल्या एक्सरच्या वीरगळांवर आरमारी लढाई कोरलेली आहे. वाघाशी झुंजताना गेला असेल तर वाघ असतो. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही हा कसा गेला ते कळावे, हे त्या कारागिराचे पहिले काम होते. त्याचा गौरव त्या प्रसंगावर उभा केला, प्रसंगाच्या जागी नाही. आज पुलवाम्याच्या जवानाला रोखलेली बंदूक देणारा शिल्पकार परंपरेची वरची चौकट उचलतो आणि खालची सोडून देतो. बस आणि रस्ता त्या शिळेवर येत नाहीत.

मधल्या काळाचा हिशेब लवकर आटोपता येतो, कारण त्यात आपण काय हरवले तेवढेच पाहायचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ज्या गावांतून सैन्यभरती झाली तिथे संगमरवरी पाट्या लावल्या. सातारा-रत्नागिरीकडे त्या आजही दिसतात. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. पाटीवर माणसाचा आकडा झाला, आणि ती मेसोपोटेमियात मेली की फ्रान्समध्ये, गोळीने की तापाने, हे गावाला सांगण्याची गरज साम्राज्याला वाटली नाही. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२-७३मध्ये, विकासगटांच्या ठिकाणी स्तंभ उभे राहिले. एका बाजूला संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या बाजूला तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे. ही मोठी सुधारणा होती, नाव परत आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके एकाच आराखड्यावर बांधली गेली. त्यांपैकी कितीतरींची पुढे पडझड झाली, कारण आराखडा मुंबईचा होता आणि किल्ली कोणाकडे राहणार हे ठरले नव्हते. २०२३च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. मजकुराचा साचा देशभर एकच होता, मोकळी जागा नावांसाठी. नाव आले, त्या नावाला काय झाले ते पुन्हा राहिले.

इथे हुतात्मा स्मारकांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९४२च्या चिमूर-आष्टीपासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत ज्यांच्या नावाने आपण नतमस्तक होतो, त्यांतले बहुतेक जण मोर्च्यात चालत असताना गोळी लागून गेले. मुंबईच्या हुतात्मा चौकात १०६ जणांचे स्मारक आहे; त्यांत रस्त्याने चाललेली, घराच्या गॅलरीत उभी असलेली माणसेही होती. महाराष्ट्र राज्याचे सर्वांत पूज्य स्मारक नि:शस्त्र मेलेल्यांचे आहे, आणि त्यांना हातात शस्त्र देऊन मोठे करण्याची गरज कोणाला कधी वाटली नाही. चौकातल्या शिल्पात शेतकरी आणि कामगार मशाल घेऊन उभे आहेत. पोलिसांचे तर पाहा: देशभर २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळतात तो १९५९मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांनी दबा धरून मारलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या १० जवानांसाठी. पोलिसांच्या स्मृतिदिनाची सुरुवातच एका दग्यातून झाली आहे. मग हीच गोष्ट गावच्या शिळेवर लिहायला आपण का अडखळतो?

अडखळण्याचे कारण मला समजते आणि ते हलके नाही. घरच्यांना आणि गावाला वाटते की ‘हल्ल्यात बळी गेले’ म्हटले तर माणूस केविलवाणा होतो; ‘वीरमरण’ म्हटले तर मान राहतो. त्यात भर म्हणून सरकारी नियमांची ओढाताण आहे. सैन्यदलांसाठी असो वा केंद्रीय पोलीस दलांसाठी, ‘शहीद’ या पदाची अधिकृत व्याख्या नाही, असे केंद्र सरकारने एकाहून अधिक वेळा स्पष्ट केले आहे. पुलवाम्यानंतर अकराच दिवसांनी, २५ फेब्रुवारी २०१९ला, दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. पण त्याच्या भिंतींवर सैन्यदलांची नावे आहेत. राखीव पोलीस दलाच्या जवानांची जागा चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात, जिथे २०१८च्या उद्घाटनाच्या वेळीच ३४,८४४ नावे होती. जिथे राज्यसंस्था मानाची अशी मोजमापे करते, तिथे गावाने आपल्या माणसाला शक्य तेवढे उंच करावे यात नवल नाही. पण धैर्य आणि झुंज या दोन गोष्टी आहेत. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या; तिथल्या त्यांच्या पुतळ्यात झुंज दाखवणे अगदी उचित आहे, कारण ती घडली. त्याच रात्री, तिथून जवळच, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारी पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांची आठवण वेगळ्या रीतीनेच करावी लागेल. पुलवाम्याच्या जवानांचे धैर्य स्फोटाच्या क्षणी नव्हते, त्या क्षणी त्यांना कोणी अवसरच दिला नाही. ते त्याआधी होते, सुट्टी संपल्यावर घरून निघण्यात, काय घडू शकते हे ठाऊक असून पहाटेच्या अंधारात जम्मूत बसमध्ये चढण्यात. शिळेवर हे लिहिले तर माणूस लहान होत नाही. उलट जे त्याने खरोखर केले त्याचा मान त्याला मिळतो.

दुसरा आक्षेप असा की हल्ल्याचा तपशील दगडावर कोरला तर हल्लेखोरालाही अमरत्व मिळते. हे भय मी समजू शकतो, पण त्याचे उत्तर सोपे आहे: घटना लिहावी, मारेकऱ्याचे नाव लिहू नये. तारीख, जागा, रीत एवढे पुरेसे आहे. तपशील गाळण्यातला धोका मोठा आहे. आज मलकापुरात किंवा चोरपांग्र्यात कोणाला काही सांगावे लागत नाही. २०१९चा अंत्यसंस्कारांचा तो शनिवार पाहिलेली माणसे गल्लोगल्ली आहेत. आणखी पन्नास वर्षांनी शिळेवर फक्त नाव आणि ‘वीर’ राहिले, तर वाचणाऱ्याला ते १९७१चे युद्ध वाटेल किंवा कारगिल. अपशिंग्याच्या ४६ जणांचे जे झाले तेच यांचे होईल. शिवाय दगा नोंदवला की त्यामागोमाग प्रश्न येतात: इतका मोठा ताफा एका वेळी रस्त्यावर का आणला, गडचिरोलीत खासगी वाहनातून पथक का पाठवले गेले. काहींना हे प्रश्न स्मारकाजवळ नको असतात. मला ते तिथेच हवे आहेत. उत्तर शिळेने द्यायचे नाही. पण ज्या शिळेपाशी प्रश्न विचारता येत नाही ती शिळा गावाची राहत नाही.

लेथपोऱ्याला स्मारक आहेच, मग गावात वेगळे कशाला, असेही कोणी विचारेल. १४ फेब्रुवारी २०२०ला तिथल्या राखीव पोलीस दलाच्या तळावर ४० जणांची नावे आणि चित्रे असलेले स्मारक खुले झाले. त्यात एक कलश आहे. मूळचे महाराष्ट्राचे, बंगळुरूत राहणारे संगीतकार उमेश जाधव यांनी वर्षभरात सुमारे ६१ हजार किलोमीटर फिरून सर्व जवानांच्या घरांची माती गोळा केली आणि ती त्या दिवशी तिथे ठेवली गेली. म्हणजे मलकापूरची आणि चोरपांग्र्याची माती लेथपोऱ्यात आहे. एका माणसाने स्वतःच्या मनाने केलेले हे काम मला कोणत्याही सरकारी आराखड्यापेक्षा मोठे वाटते. पण तो तळ सुरक्षेच्या कुंपणाआड आहे. लोणार तालुक्यातल्या शाळेची सहल तिथे जाणार नाही. माती इथून तिकडे गेली, तिकडे काय घडले याची नोंद इकडे यायला हवी.

एक मर्यादा मात्र बुलढाण्याच्या चौघांच्या उदाहरणानेच समोर येते. चौघेही गणवेशात होते, म्हणून त्यांना मानवंदना मिळाली, सरकारी मदत मिळाली, स्मारकाची चर्चा झाली. कुरखेड्याला त्यांतल्या दोघांबरोबर गेलेला वाहनचालक गणवेशात नव्हता. २२ एप्रिल २०२५ला पहलगामच्या बैसरनमध्ये मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्राचे सहा पर्यटक होते. त्यांतही कोणी गणवेशात नव्हता. योद्ध्याच्या साच्यात या माणसांना जागाच नाही, आणि साचा बदलण्याचे हे सर्वांत सबळ कारण मला वाटते. दगा नोंदवणारी शिळा जवान आणि वाहनचालक, पोलीस आणि पर्यटक यांना एकाच ओळीत घेऊ शकते, कारण त्यांच्या बाबतीत घडले ते एकच होते. सिंदखेडलाही दरबारात गेलेला पराक्रमी आजा आणि त्याच्याबरोबर गेलेला नातू, दोघांची आठवण एकत्रच सांगितली जाते. नातवाने किती लढाया जिंकल्या होत्या असे कोणी विचारत नाही.

हे करायला मोठा निधी लागत नाही. बहुतेक ग्रामपंचायतींच्या आवारात २०२३चा शिलाफलक उभा आहे. त्याच्या शेजारी दुसरी फरशी बसते. तिच्यावर मजकूर असा असावा: नाव, गाव, दल आणि हुद्दा, कुठून कुठे आणि कोणत्या कामाने निघाले होते, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कशाने मारले गेले, सोबत एकूण किती जण गेले. भाषा मराठी आणि सातवीतल्या मुलाला वाचता येईल अशी. मजकूर घरच्यांना दाखवून ग्रामसभेत ठरावाने मंजूर व्हावा आणि ठरावाची प्रत दप्तरात राहावी, म्हणजे पुढे फरशी फुटली तर नवी कोणत्या शब्दांत बसवायची यावर वाद होणार नाही. दोनशे हुतात्मा स्मारकांच्या किल्लीचा प्रश्न इथेही येणार. म्हणून देखभाल कोणाची हे त्याच ठरावात लिहावे, आणि ती शाळेकडे असेल तर उत्तम, कारण दर जूनमध्ये तिथे वाचणारी नवी मुले येतात. मलकापूर नगरपालिकेचे शहर आहे, तिथे हेच काम सभागृहाच्या ठरावाने होईल. देऊळगाव राजा आणि मेहकरच्या दोघांसाठीही तोच मजकूर, तेच रकाने. जिल्हा परिषदेने चारही ठिकाणचा मजकूर एकत्र करून एक पान छापले आणि जिल्ह्यातल्या शाळांना पाठवले, तर लोणारच्या मुलाला मलकापूरचे नाव कळेल आणि मेहकरच्या मुलाला कुरखेडा नकाशावर कुठे आहे ते शोधावे लागेल.